संसारातल्या चार गोष्टी : तबकड्यांची भाऊबंदकी



या खेपेला खरं तर कुरडयांविषयी लिहायचं ठरवलं होतं. चैत्र लागला, वाशिमच्या गच्च्यांवर जुनी धोतरं-लुगडी पसरायला लागली, आणि गहू किती दिवस भिजवावे, चीक आंबट का होतो, अशी दोन-तीन पत्रंही येऊन पडली होती. पण मंगरुळपीरच्या एका भगिनीचं पत्र वाचलं आणि कुरडया पुढच्या आठवड्यावर ढकलल्या. त्या लिहितात :

"ताई, माझं लग्न १९९१ साली झालं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. आई २००३ साली गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण ती चालते-बोलते ती या एवढ्या एका कॅसेटमध्येच. आमचा व्हीसीआर बंद पडून पंधरा वर्षं होऊन गेली. दुकानदार म्हणतो, ब्लू-रे करून घ्या काकू, चित्र एकदम एचडी होईल. भाचा म्हणतो, ब्लू-रे आता कोण बघतं, पेनड्राइव्हमध्ये घे. आमचे हे म्हणतात, मुलाच्या मुंजीची सीडी केली होती तीसुद्धा आता लागत नाही, कशाला पैसे घालवतेस? मी कुणाचं ऐकू?"

पत्र वाचून मी उठले आणि दिवाणखान्यातलं कपाट उघडलं. तुम्हीही आपापलं उघडून बघा. खालच्या खणात कॅसेटी, त्यावर व्हीसीडी, त्यावर डीव्हीडी, आणि सगळ्यात वर निळ्या डबीतली एकुलती एक ब्लू-रे. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो ना, तसे थर! आणि यातलं काहीही आज संध्याकाळी बघावंसं वाटलं तर घरात त्याचं यंत्र असेलच असं नाही.

हा पसारा आपण हौसेनं केला हे खरं. पण त्यातला गोंधळ आपण केलेला नाही. तो केला मोठमोठ्या कंपन्यांच्या भाऊबंदकीनं. ती भाऊबंदकी थोडी समजून घेतली की दुकानात उभं राहून काय विचारायचं ते आपोआप सुचतं. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग पत्राचं उत्तर देते.

पहिलं भांडण कॅसेटींचं

१९७५ साली जपानच्या सोनी कंपनीनं घरगुती वापरासाठी बेटामॅक्स नावाची कॅसेट काढली. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, जपानच्याच जेव्हीसी कंपनीनं व्हीएचएस काढली. दोन्हींतली फीत अर्धा इंच रुंदीची, पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जाईना. बेटामॅक्सचं चित्र काकणभर सरस असं जाणकार म्हणत. पण सुरुवातीला तिच्यात तासाभराचंच चित्रण मावायचं, आणि व्हीएचएसमध्ये दोन तासांचं. शिवाय जेव्हीसीनं आपली पद्धत इतर कंपन्यांनाही वापरू दिली, त्यामुळे व्हीएचएसची यंत्रं पुष्कळ झाली आणि स्वस्तही झाली. शेवटी १९८८ साली खुद्द सोनीनंच व्हीएचएसची यंत्रं बनवायला घेतली.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला, आणि त्याच्यामागून व्हीसीआर. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आपण अकोला जिल्ह्यातच मोडत होतो. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. गल्लीत एखाद्याच घरी व्हीसीआर असायचा. नाहीतर टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही भाड्यानं आणायचे, अंगणात सतरंज्या घालायच्या आणि एका रात्रीत तीन सिनेमे उरकायचे. तिसऱ्या सिनेमाला निम्मी मंडळी झोपलेली आणि दिवे गेले तर सगळीच जागी! आपल्यापैकी पुष्कळजणींच्या लग्नाच्या कॅसेटी याच काळातल्या, आणि बहुतेक व्हीएचएसच.

आता गंमत बघा. सोनीनं बेटामॅक्सच्या कॅसेटी बनवणं बंद केलं २०१६ च्या मार्चमध्ये. आणि जिंकलेल्या व्हीएचएसची यंत्रं अगदी शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं हात टेकले त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. हरलेली आणि जिंकलेली, दोघींचा बाजार एकाच वर्षी उठला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग आल्या तबकड्या

१९९३ साली व्हीसीडी ठरली. फीत गुंडाळायची कटकट गेली, पण एका तबकडीत मावायचं जेमतेम चौऱ्याहत्तर मिनिटांचं. म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर यायचा, आणि ऐन रंगात आला की कुणीतरी उठून तबकडी बदलायची. लग्नाचंही तसंच. पहिल्या सीडीत सीमांतपूजन, दुसरीत सप्तपदी, तिसरीत जेवणावळी.

त्यानंतरच्या डीव्हीडीवरून भांडण पेटायचं ते थोडक्यात राहिलं. एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि तिचे सोबती, असे दोन तट पडले होते. कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांनी दोघांना दटावलं, १९९५ साली समेट झाला आणि १९९६ च्या अखेरीला जपानमध्ये एकच डीव्हीडी बाजारात आली. भांडण घरातल्या घरात मिटलं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोशीस पडली नाही.

आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती स्वस्त झाल्यावर. २००७ साली मोझर बेअर या आपल्या देशातल्या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना काढली. भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी सिनेमा घरी यायला लागला. तीही कंपनी पुढे बुडाली, २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पण तिच्या तबकड्या अजून पुष्कळ घरांत आहेत.

निळ्या किरणाची भाऊबंदकी

आता मुख्य भांडणाकडे येते, कारण मंगरुळपीरच्या ताईंच्या दुकानदाराचा 'ब्लू-रे' हा शब्द तिथूनच आलेला.

तबकडी वाचायला सुई नसते, प्रकाशाचा किरण असतो. डीव्हीडीचा किरण लाल. पुढे निळसर-जांभळा किरण वापरता येऊ लागला. तो लाल किरणापेक्षा बारीक टेकवता येतो. जाड सुईनं गोधडी शिवतात आणि बारीक सुईनं काश्मिरी टाका घालतात, तसंच हे. बारीक किरणानं त्याच बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर कितीतरी जास्त मजकूर मावतो.

सुई सापडली, पण तबकडी कशी करायची यावरून दोन घरं झाली. तोशिबानं काढली एचडी डीव्हीडी. तिच्या एका थरात पंधरा जीबी मावत, आणि ती डीव्हीडीच्या कारखान्यात थोडाफार फेरफार करून बनवता यायची. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स वगैरेंनी काढली ब्लू-रे. तिच्या एका थरात पंचवीस जीबी, पण तिचा मजकूर पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, म्हणून वरून टणक लेप द्यावा लागे आणि कारखान्याची यंत्रंही नवी लागत. मावायचं जास्त, म्हणून खर्चही जास्त.

२००६ च्या वसंतात एचडी डीव्हीडी बाजारात आली, उन्हाळ्यात ब्लू-रे. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. पण एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात लागायची नाही. त्यात सिनेमा कंपन्यांनीही वाटणी करून घेतलेली. पुढे पुढे तर युनिव्हर्सल आणि पॅरामाउंटचे सिनेमे हवे असतील तर एचडी डीव्हीडी, आणि डिस्नेचे किंवा सोनीचे हवे असतील तर ब्लू-रे. एकाच पंगतीत भात एका वाढप्याकडे आणि वरण दुसऱ्याकडे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही! लोकांनी काय केलं? पुष्कळांनी पाट सोडलाच नाही, आपल्या साध्या डीव्हीडीवरच जेवत राहिले. तेच शहाणे ठरले.

कारण ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या बड्या सिनेमा कंपनीनं जाहीर केलं की आपण यापुढे फक्त ब्लू-रेच काढणार. मग मोठ्या दुकानांनीही तिचीच बाजू धरली, आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतलं. पुरती दोन वर्षंसुद्धा संसार झाला नाही.

आमचे धाकटे दीर अमेरिकेत असतात. त्यांनी २००७ च्या नाताळात एचडी डीव्हीडीचं यंत्र घेतलं. तेव्हा ती यंत्रं तिकडे फार स्वस्त झाली होती. काही तर शंभर डॉलरच्या आत मिळत होती. शिवाय सिनेमांच्या डझनभर तबकड्या घेतल्या. माझ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, घरात आलं आणि दोन महिन्यांत विधवा झालं बघा ते मशीन!" दोष कुणाला द्यायचा? स्वस्त का झालंय हे विचारलं नाही, एवढंच. साध्या डीव्हीडी त्यावर लागतात म्हणून ते अजून त्यांच्याकडे आहे. त्या डझनभर तबकड्या मात्र नवीन यंत्रात लागत नाहीत.

दिरांना हसले खरी, पण माझीही फजिती ऐका. २०११ साली आमच्या लेकीचं लग्न झालं. व्हिडिओवाल्यानं विचारलं, "काकू, डीव्हीडी करू का ब्लू-रे? ब्लू-रे मस्त क्लिअर येते, पैसे थोडे जास्त लागतील." लेकीचं लग्न, तिथं काय थोडं आणि काय जास्त? मी म्हटलं, कर बाबा ब्लू-रे. महिन्याभरानं देखणी निळी डबी घरी आली. सगळे जमलो, शेजारच्या वन्सं आल्या, चहा झाला, तबकडी आमच्या डीव्हीडी प्लेयरमध्ये घातली आणि प्लेयरनं ती जीभ काढावी तशी बाहेर काढली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. ब्लू-रेच्या यंत्रात डीव्हीडी लागते, पण डीव्हीडीच्या यंत्रात ब्लू-रे लागत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तो मुलगा खोटं बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं, "अरे, हे आमच्या घरी कशावर लागेल?" लेकीची पाठवणी मी पहिल्यांदा पाहिली ती दोन वर्षांनी, जावयांनी लॅपटॉपवर उतरवून आणली तेव्हा.

म्हणून सांगते, हा एक प्रश्न पदराला गाठ मारून ठेवा. तबकडी असो, पेनड्राइव्ह असो, उद्या आणखी काही निघो, पैसे देण्याआधी विचारायचं, "हे माझ्या घरी कशावर लागेल?"

'एचडी' या दोन अक्षरांविषयी

या दोन अक्षरांनी बायकांना फार घोळात घेतलंय. एचडी म्हणजे निव्वळ जास्त ठिपक्यांचं चित्र. आपली ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके थोडे तर कमळ ढोबळ, ठिपके जास्त तर पाकळीची कडसुद्धा रेखीव. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. आपल्याकडच्या डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६. आणि ब्लू-रेचं पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट.

आता 'एचडी' हे टीव्हीवर लिहिलेलं असतं, सेट टॉप बॉक्सवर असतं, काही साध्या डीव्हीडी प्लेयरवरही असतं. प्लेयरवर असलं तर त्याचा अर्थ एवढाच की ते यंत्र आहे तेच चित्र ताणून मोठ्या पडद्यावर बसवतं. त्यात ब्लू-रे लागेल असा अर्थ नाही. आणि 'एचडी डीव्हीडी' हे तर त्या मेलेल्या तबकडीचं नाव. एकाच शब्दाची तीन सोंगं, मग गोंधळ होणार नाही तर काय?

आता दुकानदाराचं म्हणणं तपासू. कॅसेटवरून ब्लू-रे केली तर चित्र एचडी होईल का? नाही हो ताई! १९९१ च्या कॅसेटवर चित्र आहे ते साधारण व्हीसीडीच्याच तोडीचं. ते पंचवीस जीबीच्या तबकडीवर ठेवलं म्हणून त्यात नवे ठिपके कुठून येणार? पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही. पातेल्याचे पैसे तेवढे जास्त पडतात.

परदेशच्या नातेवाइकांनी भेट दिलेल्या तबकड्यांचंही सांगून ठेवते. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात, आपण पाचव्या. ब्लू-रेमध्ये अमेरिका 'ए' आणि आपण 'सी'. म्हणून तिकडची सिनेमाची तबकडी इकडे लागली नाही तर ती खराब आहे असं समजून टाकू नका. घरगुती चित्रणाच्या तबकडीला सहसा हा अडसर नसतो.

जिंकलेलीचं पुढे काय झालं?

ब्लू-रे जिंकली, पण तिला राज्य फार दिवस भोगता आलं नाही. तोवर इंटरनेट घरात आलं, सिनेमा फोनवर दिसायला लागला. अमेरिकेतली नेटफ्लिक्स कंपनी मुळात टपालानं डीव्हीडी भाड्यानं पाठवायची. तिनं ते काम २०२३ साली बंद केलं. सिनेमाच्या ब्लू-रे अजून निघतात, पण २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं आपल्याला घरी लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. ज्या कंपनीनं भांडण जिंकलं, तिनंच!

म्हणजे बघा, धोका चित्र पुसट होण्याचा जेवढा, त्याहून जास्त ते दाखवणारं यंत्र नाहीसं होण्याचा. आपल्याला सांभाळायचंय ते आतलं चित्र. कॅसेट काय, तबकडी काय, तो नुसता डबा. लोणचं बरणीतून बरणीत काढतो तसं ते दर काही वर्षांनी नव्या डब्यात काढायला हवं, जुनी बरणी तडकण्याआधी.

आता पत्राचं उत्तर

ताई, भाच्याचं ऐका, पण अर्धंच. यजमानांची शंका रास्त आहे, तिचंही उत्तर यात येईल.

१. आधी कॅसेटची खुंटी मोडा. कॅसेटच्या पाठीवर, जिथं नावाची चिठ्ठी चिकटवतात त्या बाजूला, एका टोकाला प्लॅस्टिकचा लहानसा चौकोनी तुकडा असतो. तो पेचकसानं मोडून टाका. तो नसला की यंत्र त्या कॅसेटवर दुसरं काही भरू शकत नाही. चुकून एक बटण दाबलं जाऊन लग्नावर क्रिकेट भरलेलं मी एका घरी पाहिलंय.

२. कॅसेटच्या खिडकीतून फीत बघा. पांढरट बुरशी दिसली तर ती कुठल्याही यंत्रात घालू नका, फीतही खराब होईल आणि यंत्रही. दुकानदाराला आधी दाखवा. आणि हो, वाळवणाचे दिवस आहेत म्हणून पापडासारखी कॅसेट उन्हात घालू नका! आपल्या वऱ्हाडातलं ऊन फितीला सोसत नाही. सावलीत, कोरड्या जागी, उभी ठेवा.

३. दुकान निवडताना जुना फोटो स्टुडिओ बघा. वाशिमला नाही जमलं तर अकोला काही लांब नाही. तिथं विचारायचं : तुमचं व्हीएचएसचं यंत्र इथंच आहे का, की कॅसेट बाहेरगावी पाठवता? ते चालू स्थितीत आहे का? एमपीफोर फाइल करून द्याल ना? मूळ कॅसेट परत मिळेल ना? आधी कमी मोलाची एखादी कॅसेट देऊन बघा, वास्तुशांतीची वगैरे. ती नीट झाली की मग लग्नाची. मला एका मुलानं सरळ सांगितलं, "काकू, आमचं मशीन बिघडलं न् आता पार्टच भेटत नाही." खरं बोलला म्हणून त्याचे आभारच मानले. अशी यंत्रं दिवसेंदिवस कमी होणार, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

४. ब्लू-रेला पैसे देऊ नका. एमपीफोर फाइल आजच्या टीव्हीवर, फोनवर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे लागते. सासूबाईंना तबकडी घालूनच बघायची सवय असेल तर जोडीला साधी डीव्हीडी करून घ्या.

५. आता यजमानांच्या सीडीविषयी. कारखान्यात छापलेली तबकडी आणि दुकानात भरून घेतलेली तबकडी यांत फरक असतो. भरून घेतलेलीत एक रंगाचा थर असतो, आणि ऊन-उष्ण्यानं तो उडतो. टीव्हीवर ठेवलेली, खिडकीतून ऊन येणारी तबकडी लवकर जाते. मुंजीची सीडी लागत नाही म्हणून फेकू नका. एखाद्या यंत्रात लागत नाही ती दुसऱ्यात लागते. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. वरच्या छापील बाजूलाही जपा, सीडीचा मजकूर त्याच बाजूला अगदी लगत असतो. तिच्यावर बॉलपेननं लिहू नका, चिठ्ठी चिकटवू नका. आजच्या लॅपटॉपला तबकडीची खाच नसते, पण बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो. मुलांना सांगून व्हीसीडी-डीव्हीडीतलं सगळं कॉम्प्युटरवर काढून घ्या. व्हीसीडीतली फाइल उघडत नसेल तर व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्लेयर ती दाखवतो.

६. भाच्याचं अर्धंच ऐका म्हटलं ते यासाठी. एका पेनड्राइव्हवर विसंबू नका. तो हरवतो, बिघडतो, आणि कुणीतरी सिनेमा भरायला त्यातलं पुसून टाकतं. तीन प्रती करा. एक पेनड्राइव्हवर रोजच्या बघण्याला, एक हार्ड डिस्कवर कपाटात, आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. एका घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी दुसरीकडे राहते. आईचं चित्रण माहेरीही असायला हवंच ना? आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती प्रत समजू नका. तिथं व्हिडिओ दाबून लहान होतो, चेहरे पुसट होतात.

७. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तिन्ही प्रती उघडून बघा. पाच-सात वर्षांनी नव्या डब्यात काढा. तेव्हा काय निघालं असेल ते मला माहीत नाही, पण विचारायचा प्रश्न तोच.

८. मूळ कॅसेट फेकू नका. जागा किती लागते तिला? सुती कापडात गुंडाळून ठेवा.

आणि शेवटी एक. फाइल झाली की घरातल्या थोरांना बसवा आणि एकदा सगळं मिळून बघा. वही-पेन घेऊन बसा. कितव्या मिनिटाला कोण दिसतं, हे लिहून ठेवा. "ही नागपूरची मामी, ही आईची मैत्रीण, हा जानवसा कुणाच्या वाड्यात होता" हे आज सांगणारे आहेत. आमच्या घरच्या कॅसेटमध्ये हिरव्या नऊवारीतली एक बाई सगळ्या पंगतीला वाढताना दिसते, आणि ती कोण हे सांगणारं आता आमच्याकडे कुणी उरलेलं नाही.

ताई, हे काम पावसाळ्याच्या आत करा. जूनमध्ये हवा दमट झाली की बुरशी पुढे सरकते. मुलांना आजी बोलताना ऐकवा. आणि काम झालं की दोन ओळी जरूर लिहा. आईचा आवाज आला का, एवढंच कळवा.

कुरडयांचा चीक मात्र पुढच्या आठवड्यात. तोवर गहू भिजत घालू नका.